शार्त्रूझ : कार्थूजियन मठाची हिरवी बाटली घ्यावी का, आणि ती सहज का मिळत नाही

निकाल आधी सांगून टाकू. हिरवी शार्त्रूझ फ्रान्समधल्या दुकानात नेहमीच्या भावाने दिसली तर विचार न करता घ्यावी. तीच बाटली ऑनलाइन पुनर्विक्रेता ‘दुर्मिळ’ म्हणून दुप्पट-तिप्पट भावाने विकत असेल, तर सोडून द्यावी. वनौषधींच्या मद्याची सवय नसेल तर सुरुवात पिवळीने करावी. जास्त मुरवलेली महागडी व्ही.ई.पी. नुसती घुटक्याघुटक्याने पिणाऱ्यांसाठी आहे, ती कॉकटेलमध्ये ओतणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

ही फ्रान्समधल्या आल्प्सच्या पायथ्याच्या डोंगररांगांत, ग्रनोबल शहराजवळ तयार होणारी लिकर आहे. लिकर म्हणजे साखर घातलेले, वनस्पतींचा अर्क उतरवलेले मद्य. हिरवीत मद्यार्क ५५ टक्के, पिवळीत आता ४३ टक्के. जुन्या पिवळ्या बाटल्यांवर ४० दिसतो. पाककृतीत १३० वनस्पती आहेत, म्हणजे पाने, साली, मुळ्या, फुले, मसाले. पूर्ण कृती कार्थूजियन या कॅथलिक संन्यासीसंघाच्या मठातल्या दोघा-तिघांपलीकडे कोणालाही ठाऊक नाही. रंग बाहेरचा नाही, वनस्पतींतूनच उतरतो.

चव? जिभेवर टेकताच गोड, मग पुदिना आणि बडीशेपेच्या जवळची थंडाई, त्यामागून मिऱ्यासारखा जाळ, आणि शेवटी बराच वेळ रेंगाळणारा कडवटपणा. मराठी घरात वाढलेल्या जिभेला पहिल्या घोटाला काढा आठवणारच. फरक असा की इथे कुठलाही एक मसाला पुढे येत नाही. लवंग सापडली असे वाटते तोवर ती निसटलेली असते. आयात लिकरच्या कपाटातल्या बहुतेक बाटल्यांची चव एका ओळीत सांगता येते, हिची येत नाही, आणि एवढ्या एका गुणासाठी हिला पूर्ण गुण द्यायला हरकत नाही. तक्रार गोडव्याबद्दल आहे. ५५ टक्क्यांचा जाळ तो झाकतो खरा, पण दुसऱ्या पेल्यानंतर तोंड चिकट होते. ३० मिलीच्या पुढे नुसती पिऊ नये.

आता टंचाईचे. कारखान्याची क्षमता कमी पडली म्हणून ती आलेली नाही. बनवणाऱ्यांनीच जास्त बनवायला नकार दिला. २०१९मध्ये मठाने ठरवले की उत्पादन वाढवायचे नाही. वर्षाला सुमारे १६ लाख बाटल्यांवर हात थांबवायचा. २०२३च्या सुरुवातीला हे पत्राने बाहेर कळले आणि अमेरिकेतल्या बारवाल्यांनी कपाळाला हात लावला. मागणी चढत असताना माल न वाढवणे हा कुठल्याही कंपनीच्या दृष्टीने वेडेपणा आहे. पण निर्णय घेणारी कंपनी नव्हती, कार्थूजियन संन्याशांचा संघ होता, आणि त्यांच्या हिशेबात तो अगदी सरळ होता. जास्त बाटल्या म्हणजे जास्त काम, म्हणजे एकांत आणि प्रार्थनेचे तास कमी. हा हिशेब समजायचा तर संघाची सुरुवात पाहावी लागते.

संघाचा संस्थापक, जर्मनीतल्या कलोनचा ब्रुनो, हा फ्रान्समधल्या रॅंस शहरातल्या कॅथीड्रल शाळेचा प्रमुख, त्या काळातला नावाजलेला अध्यापक. तिथल्या आर्चबिशप मानासेसने पदाचा बाजार मांडला होता; त्याच्याविरुद्ध उभे राहण्यात ब्रुनोची वर्षे गेली. मानासेस पदच्युत झाल्यावर मोठे पद ब्रुनोच्याही आवाक्यात होते. ते सोडून १०८४मध्ये तो सहा सोबत्यांसह ग्रनोबलचे बिशप ह्यू यांच्याकडे गेला आणि एकांताची जागा मागितली. परंपरा सांगते की ह्यूंना आधी स्वप्नात सात तारे दिसले होते. संघाच्या चिन्हात पृथ्वीचा गोल, वर क्रूस आणि भोवती सात तारे आहेत. बाटलीवरही हेच चिन्ह असते. ह्यूंनी दाखवलेली शार्त्रूझची दरी हिवाळ्यात बर्फाने बंद व्हायची. हवी होती तशीच.

ब्रुनो तिथे फार राहू शकला नाही. पूर्वीचा विद्यार्थी पोप दुसरा अर्बन झाला आणि १०९०मध्ये त्याने गुरूला रोमला बोलावून घेतले. पुढे ब्रुनोने दक्षिण इटलीत, कालाब्रियात, दुसरा एकांतमठ उभारला आणि ११०१मध्ये तिथेच त्याचा अंत झाला. त्याने नियमावली लिहिली नाही. ती लिहिली पाचवा मठप्रमुख गिगो याने, ११२७च्या सुमारास, आणि आजच्या नियमांचा पाया तोच आहे. ११३२मध्ये हिमकडा कोसळून पहिला मठ गेला. नवा सुमारे दोन किलोमीटर खाली बांधला. पुढे आगीही लागल्या. आज दिसणाऱ्या बऱ्याचशा इमारती १६७६च्या आगीनंतरच्या आहेत.

आपल्याकडे, वसईपासून गोव्यापर्यंत, कॅथलिक व्रतस्थ म्हटले की शाळा, दवाखाना, अनाथालय डोळ्यांपुढे येते. येशूसंघीय (जेझुइट) महाविद्यालय चालवतात, सिस्टर रुग्णालय चालवतात. कार्थूजियनांचे पाचारण, म्हणजे देवाने ज्यासाठी बोलावले ते काम, यातले काहीच नाही. ते शाळा काढत नाहीत, प्रवचनाला बाहेर पडत नाहीत, पॅरिश सांभाळत नाहीत. प्रत्येकाने आपल्या खोलीत देवासमोर एकटे राहायचे आणि सगळ्या जगासाठी प्रार्थना करायची, एवढेच काम. बाराव्या शतकापासून स्त्रियांची शाखाही आहे, तिचा रस्ताही हाच.

‘खोली’ म्हणजे खरे तर छोटे दुमजली घर. खाली लाकूडफाटा आणि सुतारकामाची जागा, वर एक बाहेरची खोली आणि आत झोपणे, अभ्यास, प्रार्थना आणि जेवण यांसाठी दुसरी. सोबत भिंतीने वेढलेली छोटी बाग. दाराशेजारच्या झडपेतून जेवण आत ठेवले जाते, म्हणजे देणाऱ्या-घेणाऱ्याची गाठ पडायला नको. मांस कधीच नाही. १४ सप्टेंबरपासून ईस्टरपर्यंत दिवसाला एकच पूर्ण जेवण. रात्री साडेअकराच्या सुमारास उठायचे, मग चर्चमध्ये दोन-तीन तास स्तोत्रगायन, पुन्हा थोडी झोप. रविवारी आणि सणाला एकत्र जेवण, आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून लांब फेरफटका, तेव्हा बोलायला मुभा. नातलगांची भेट वर्षातून दोन दिवस. या खोल्यांतल्या ‘फादर’ मंडळींबरोबर ‘ब्रदर’ असतात, ते दिवसाचा काही भाग मठाची कामे करतात. लिकरचे काम ऐतिहासिकदृष्ट्या बरेचसे ब्रदरांच्याच हातचे.

प्रवेश सोपा नाही. काही महिने उमेदवारी, दोन वर्षे नवशिक्षण, मग तात्पुरती व्रते, आणि पाचेक वर्षे ती पाळल्यावर कायमची. साधारण पंचेचाळिशी ओलांडलेल्याला घेत नाहीत, कारण एकटेपणाची सवय त्या वयात नव्याने लागत नाही. झोप दोन तुकड्यांत तुटणे आणि दिवसभर कोणीच न भेटणे हे शरीराला किंवा मनाला झेपत नाही, म्हणून परत जाणारेही असतात. आत घेणारेही हे पारखूनच घेतात.

अशा मठाने पोट कशावर भरायचे? देणग्यांच्या मागे फिरणे म्हणजे बाहेर पडणे आले. मध्ययुगात जंगल, गुरे आणि लोखंडाच्या भट्ट्या होत्या. फ्रेंच राज्यक्रांतीत सगळे सरकारजमा झाले. १८१६मध्ये संन्यासी परतले तेव्हा जमीनजुमला उरला नव्हता. हाताशी होती ती एक औषधाची कृती.

तिचा प्रवास असा. १६०५मध्ये मार्शल देस्त्रे यांनी पॅरिसजवळच्या कार्थूजियन मठाला एका ‘दीर्घायुष्याच्या अर्का’चे हस्तलिखित दिले. ते इतके गुंतागुंतीचे होते की शतकभर कोणी पूर्ण उलगडले नाही. १७३७च्या सुमारास ते डोंगरातल्या मुख्य मठात आले, तिथले औषधी ब्रदर जेरोम मोबेक कामाला लागले आणि १७६४मध्ये ब्रदर आंत्वान यांच्या हातून कृती पक्की झाली. हा अर्क ६९ टक्क्यांचा. खेचरावर लादून ग्रनोबल आणि शांबेरीच्या बाजारात विकला जाई. लोक औषधाऐवजी मजेसाठी पिऊ लागले, म्हणून सौम्य अशी हिरवी लिकर आली. क्रांतीच्या धामधुमीत कृती लिओतार नावाच्या ग्रनोबलच्या औषधविक्रेत्याकडे पोहोचली. नेपोलियनच्या सरकारने १८१०मध्ये गुप्त औषधांच्या कृती मागवल्या तेव्हा त्याने ती पाठवली, आणि खात्याने ‘नामंजूर’ शेरा मारून परत केली. सरकारी कारकुनाच्या एका शेऱ्यावर आज एवढा व्यवसाय उभा आहे. पिवळी १८३८ची.

१९०३मध्ये फ्रेंच सरकारने संन्याशांना हाकलले, नाव आणि कारखाना जप्त करून विकला. विकत घेणाऱ्या कंपनीकडे नाव होते, कृती नव्हती. तिची नक्कल चालली नाही आणि १९२९मध्ये तिचे दिवाळे निघाले. संन्यासी दरम्यान स्पेनमधल्या तारागोनात खरा माल बनवत होते, आणि तिथला कारखाना १९८९पर्यंत चालला. जुन्या बाटल्यांच्या बाजारात ‘तारागोना’ला चांगला भाव येतो. १९३५मध्ये दरड कोसळून मठाजवळच्या फुरव्वारी इथला जुना कारखाना गेला, मग व्हुआरों गावात नवा झाला, आणि २०१७-१८मध्ये काम एग्न्वार इथे हलले. व्हुआरोंच्या भरवस्तीत एवढा ज्वालाग्राही मद्यार्क साठवणे अडचणीचे झाले होते.

काम आज असे चालते. वाळलेल्या वनस्पती मठात येतात. तिथल्या वनस्पतिगृहात कृती जाणणारे संन्यासी त्या निवडून, कुटून, मिसळून गोण्या भरतात. एग्न्वारला त्या मद्यार्कात भिजवतात, वेगवेगळ्या तुकड्यांत उकळून अर्क काढतात, साखर मिसळतात, शेवटी रंगासाठी आणखी काही वनस्पती भिजवतात आणि ओकच्या पिंपांत मुरवतात. भट्टीवरचे तापमान मठातून संगणकावर पाहता येते, म्हणजे डोंगर उतरण्याच्या फेऱ्या वाचतात. बाटल्या भरणे, विक्री आणि जाहिरात १९७०पासून वेगळी कंपनी पाहते. मठाकडे फक्त तेच राहिले आहे जे दुसऱ्या कोणाला येत नाही. लेबलवर मुरवणीची वर्षे लिहीत नाहीत, आणि हे खटकते. या किमतीच्या व्हिस्कीने असे केले असते तर ग्राहकांनी सोडले नसते.

मात्र बाटली कधी भरली ते काढता येते, आणि फार थोड्या दुकानदारांना हे ठाऊक असते. काचेवर छापलेला गट क्रमांक शोधावा. पहिल्या तीन आकड्यांत १०८४ मिळवले की भरल्याचे वर्ष निघते, पुढचे तीन आकडे म्हणजे त्या वर्षातला कितवा दिवस. ९३८ आणि ०८० असे असेल तर १०८४ अधिक ९३८ म्हणजे २०२२, आणि ऐंशिवा दिवस म्हणजे २१ मार्च. ‘जुनी बाटली’ म्हणून चढा भाव मागणाऱ्यासमोर ही बेरीज करून दाखवावी.

जुनी बाटली घेण्याला अर्थ आहे, कारण ही लिकर बाटलीतही हळूहळू बदलत राहते. जाळ उतरतो, मधाळपणा आणि सुक्या फळांचा वास वाढतो. पण बाटली उभी आणि अंधारात ठेवलेली असेल तरच. हिरवा रंग पानांतला असल्याने प्रकाशात मरतो. काचेच्या कपाटात दिव्याखाली मिरवलेली बाटली काही वर्षांत पिवळट-तपकिरी पडते आणि पुदिन्याची ताजी बाजू जाते. आडवी ठेवली तर मद्यार्क बूच खातो. उघडलेली बाटली वर्षभर सहज टिकते. तळाशी चतुर्थांश उरली की लहान बाटलीत काढावी, नाहीतर वरच्या हवेने वास उडतो. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला अनेक जण देतात. ऐकू नये. ती गोठत नाही, पण पाकासारखी जड होते आणि १३०पैकी शंभर वनस्पती गप्प बसतात. छोट्या पेल्यात ३० मिली आणि बर्फाचा एकच मोठा खडा पुरे. खडा विरघळत जातो तसा मद्यार्क खाली येतो आणि वास वर येतो.

कॉकटेलमध्ये ‘लास्ट वर्ड’ प्रसिद्ध आहे, शंभरेक वर्षांपूर्वीच्या डेट्रॉइटमधला. जिन, हिरवी शार्त्रूझ, माराश्चिनो आणि लिंबाचा रस समान, प्रत्येकी २२ मिली, बर्फात बारा-पंधरा सेकंद जोरात हलवून गाळायचे. दोन ठिकाणी हमखास बिघडते. आपले कागदी लिंबू जास्त आंबट, म्हणून रस १८ मिलीवर थांबवावा. आणि माराश्चिनो म्हणजे चेरीची पारदर्शक लिकर. केकवरच्या लाल चेरीचा पाक नव्हे. तो घातला की पेला फेकून द्यावा लागतो. आपल्या हवेला त्याहून सोपे म्हणजे ४५ मिली हिरवी, १८० मिली अननसाचा ताजा रस, अर्धे लिंबू, भरपूर बर्फ. डब्यातला साखर घातलेला रस नको, गोडावर गोड होते. फ्रान्सच्या डोंगरात हिवाळ्यात ती गरम चॉकलेटमध्ये घालतात. १५० मिलीला ३० मिली, आणि तीही गॅसवरून उतरवल्यावर, नाहीतर वाफेने नाकात झिणझिण्या येतात.

पिवळी केशरी-मधाळ, सौम्य, जेवणानंतर बरी. नवख्याला ती आवडते. हिरवीची सवय झालेल्याला ती बिनकाट्याची वाटते. व्ही.ई.पी. १९६३पासून आहे. हिरवी व्ही.ई.पी. ५४ टक्के, जास्त वर्षे मुरवलेली, गोल आणि खोल, पण ताजेपणा कमी. किमतीतला फरक चवीत पूर्ण उतरत नाही. मूळ ६९ टक्क्यांचा अर्क अजून लाकडी नळकांड्यात बसवलेल्या १०० मिलीच्या बाटलीत मिळतो. साखरेच्या खड्यावर काही थेंब टाकून खातात. पेल्यात ओतून प्यायची वस्तू नव्हे ती. पाहुण्यांसमोर ठेवायला मात्र हिच्यासारखी दुसरी नाही.

‘मठातली लिकर’ या नावाला फसू नये. बेनेडिक्टाइनच्या लेबलवर लॅटिन प्रार्थना असली तरी ती १८६३मध्ये एका व्यापाऱ्याने बाजारात आणली आणि आज बकार्डी या मद्यकंपनीची आहे. संन्याशाच्या आकाराच्या बाटलीतली फ्रांजेलिकोही मठात बनत नाही. दोन्ही प्यायला वाईट नाहीत, फक्त व्रताशी त्यांचा संबंध नाही. बिअरमध्ये षट्कोनी ‘ट्रॅपिस्ट’ शिक्का भरवशाचा. तो त्याच मालाला मिळतो जो मठाच्या आवारात, संन्याशांच्या देखरेखीखाली बनतो. शार्त्रूझवर तो दिसणार नाही, कारण ट्रॅपिस्ट हा वेगळा संघ आहे.

जागा पाहायची तर ग्रनोबलला मुक्काम करावा. व्हुआरों तिथून रेल्वेने वीसेक मिनिटांवर. तिथले १६४ मीटर लांबीचे तळघर आणि मार्गदर्शित फेरी नीटनेटकी आहे, शेवटी चाखायला देतात, दुकानात इतरत्र न मिळणारे प्रकार असतात. पण आज लिकर तिथे गाळली जात नाही, हे लक्षात ठेवून तिकीट काढावे. संन्याशांचे आयुष्य समजून घ्यायचे तर सें-पिएर-द-शार्त्रूझजवळच्या ला कोररी संग्रहालयात जावे. एका संन्याशाच्या घराची पूर्ण प्रतिकृती आहे, झडपेसकट, आणि पाचारणाबद्दल जे सांगितले आहे ते भाबडे नाही. हिवाळ्यात बंद असते, तारखा आधी पाहाव्यात. खुद्द मठात पर्यटकांना प्रवेश नाही, कोणत्याही ओळखीने नाही. संग्रहालयापासून दोनेक किलोमीटर चालत भिंतीपर्यंत जाता येते, वाटेत शांततेच्या पाट्या आहेत. वर जंगलात ब्रुनोच्या पहिल्या वस्तीच्या जागी छोटी प्रार्थनास्थळे आहेत, तिकडे चढ आहे, चांगले बूट हवेत.

भारतात आणताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त. विमानात ७० टक्क्यांच्या वरचे मद्य चालत नाही. अर्क ६९चा, म्हणजे थोडक्यात सुटतो, पण मूळ सीलबंद वेष्टनात आणि चेक-इन सामानातच ठेवावा. हिरवी बाटली कपड्यांत गुंडाळून सुटकेसच्या मध्यभागी. विमानतळावरच्या दुकानातून घेतली आणि पुढे विमान बदलायचे असेल तर सीलबंद पिशवी मधल्या विमानतळावर फोडू नये, पावती आतच राहू द्यावी. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वय २५ पूर्ण आणि परवाना लागतो, बाटली घरची असली तरी. आणि व्हुआरोंच्या दुकानात हिरवी संपली असे सांगितले तर वाद घालू नये. काउंटरवरचा माणूस खरे तेच सांगतो. त्या दिवशी पिवळी घ्यावी.